पागोळीखालचा वर्ग

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

मुलांना वर्गात गुंतवायचं कसं, या एकाच विषयावर गेल्या महिन्यात पत्रं मागवली होती. निपाणीपासून लोंढ्यापर्यंतची पत्रं आली. त्यातली पाच इथं घेतली आहेत. मी बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या सरकारी मराठी शाळांत ३४ वर्षं शिकवलं आणि निवृत्त झाले. जे स्वतः वर्गात करून पाहिलं, तेवढंच सांगते.

प्रश्न : बाई, मी खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातल्या कनिष्ठ प्राथमिक शाळेत आहे. पहिली ते पाचवी मिळून २१ मुलं, शिक्षक आम्ही दोघं. त्यातले मुख्याध्यापक बहुतेक दिवस मीटिंगला, नाहीतर माहिती भरण्यात. मी थर्माकोलची मॉडेलं केली, रंगीत तक्ते केले, गाणी घेतली. दोन दिवस मुलं बघतात, खरं तिसऱ्या दिवशी परत खिडकीबाहेर. प्रश्न विचारला की पाठ केलेलं वाक्य म्हणतात. माझं काय चुकतंय?
— एक शिक्षिका, जांबोटी भाग

उत्तर : बाळ, तुला अगं-तुगं करते, माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची असशील. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत हेच पत्र मी कुणाला तरी लिहायला हवं होतं. तुझी मेहनत ओळीओळीत दिसते. खरं बघ, थर्माकोल तू कापलास, रंग तू दिलेस, गाणं तू निवडलंस. मुलांच्या वाट्याला फक्त बघणं उरलं. बघून करमणूक होते. गुंतायचं तर हाताला काम लागतं आणि डोक्यात एखादा प्रश्न अडकून बसावा लागतो, तोही स्वतःचा.

मुलं खिडकीबाहेर बघतात म्हणतेस. ती काय बघतात, हे एकदा त्यांच्या मागं उभं राहून बघ.

जुलै महिना होता. तुमच्याकडचा पाऊस तुला सांगायला नको. आमच्या शाळेचं छप्पर खानापुरी कौलांचं, त्या आवाजात बोललेलं ऐकू येत नव्हतं. चौथी-पाचवीला मी नद्या घेत होते. "मलप्रभा नदी कणकुंबी येथे उगम पावते," सगळी एका सुरात. म्हादई? "देगाव." बरोबर. मी पान उलटणार, तेवढ्यात मागं बसणारा एक मुलगा खिडकीकडं बघतच म्हणाला, "बाई, दोन्ही आपल्याच तालुक्यातल्या नव्हं? मग एक तिकडं नि एक गोव्याला कशी काय जातीया?" वर्ष होत आलं होतं, त्याचा आवाज मी धड ऐकला नव्हता.

उत्तर माझ्या ओठावर होतं. मलप्रभा पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते, कृष्णा बंगालच्या उपसागराला. म्हादई पश्चिमेला घाट उतरते, गोव्यात तिलाच मांडवी म्हणतात आणि पणजीपाशी ती अरबी समुद्राला मिळते. मधे सह्याद्रीचा माथा. चार वाक्यांत संपलं असतं आणि त्या मुलाचा प्रश्नही तिथंच संपला असता. मी उत्तर गिळलं. तोंडावर आलेलं उत्तर गिळायला शिकणं हे बाईपणातलं सगळ्यात अवघड काम आहे, मला त्याला अकरा वर्षं लागली.

"तू बाहेर काय बघतोयस?" मी विचारलं.

"पागोळ्या."

सगळी ओसरीवर गेलो. पुढच्या पाख्याच्या पागोळ्या अंगणात पडत होत्या, मागच्या पाख्याच्या परसात. अंगणातलं पाणी रस्त्याकडं चाललेलं, परसातलं शेताकडं. कुणी काही बोलेना. मग पाचवीतली एक पोरगी म्हणाली, "बाई, बरोबर आढ्यावर पडलेला थेंब कुठं जाईल?"

त्यावर वर्गात दोन तट पडले. एक म्हणाला अर्धा-अर्धा होईल. दुसरा म्हणाला वारं नेईल तिकडं. मी खताची रिकामी पिशवी आणली, दोन बाकांच्या मधे काठी धरली आणि पिशवी तिच्यावर घोड्यासारखी टाकली. एका वाटीत हळदीचं पाणी, एकीत कुंकवाचं. एकेकानं बोट बुडवायचं आणि बरोबर काठीवर थेंब सोडायचा. थेंब क्षणभर वर थरथरायचा आणि मग एका बाजूला ढळायचा. एकवीस-बावीस थेंब झाले तरी कुणाचं समाधान होईना. तेवढ्यात त्याच मुलानं पिशवीखालून मूठ वर दाबली. "ही आमची डोंगरी," म्हणाला. पिवळी धार मुठीला वळसा घालून गेली. मग तो जे म्हणाला त्यासाठी मी नोकरी केली असं मला आजही वाटतं. तो म्हणाला, "बाई, मग आमच्या गावचा ओढा कुठल्या समुद्राला जातोय?"

मला माहीत नव्हतं. तसं मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तीन वाड्यांवरची तीन उत्तरं आली. एकानं आजोबांना विचारलं होतं, एकीनं वडिलांना. तिसरा ओढ्यात काडी टाकून तिच्यामागं पावसात चालत गेला होता. त्याला मी आधी दटावलं, मग जवळ बसवून सगळं ऐकलं. हे तू करशील तेव्हा पहिल्याच दिवशी बजाव, ओढ्यावर एकट्यानं जायचं नाही, पाणी लाल असताना तर मोठ्या माणसाबरोबरही नाही. 'जलविभाजक' हा शब्द मी फळ्यावर लिहिला तो तिसऱ्या दिवशी. तोवर त्यांच्याकडं वस्तू होती, नाव नव्हतं. नाव मिळाल्याबरोबर त्यांनी ते उचललं आणि त्या पावसाळ्यात बांधावर, छत्रीवर, जेवणाच्या ताटातल्या भाताच्या ढिगावर जलविभाजक दाखवत सुटली.

आता तुझी खरी अडचण, एका खोलीत पाच इयत्ता. पाऊस सगळ्यांना एकच आहे. मोठी पिशवीशी झटत होती तेव्हा पहिली-दुसरीची मुलं पागोळीखाली वाट्या मांडून बसली होती. कुठली आधी भरते, कितव्या थेंबाला भरते. तिसरीच्या मुलांकडं मोठी बादली नि एक लिटरचं माप. किती मापं झाली, एका माणसाच्या दिवसभराच्या पिण्याला पुरतील का, हे त्यांनी काढायचं. एक वस्तू धरायची आणि तिच्याभोवती वयाप्रमाणं कामं लावायची. पाच वर्गांचे पाच धडे करायला गेलीस तर दमशील, आणि कुणालाच काही मिळणार नाही.

हे मला शिकवलं शेजारच्या गावच्या कन्नड शाळेतल्या अक्कोरूंनी, म्हणजे तिथल्या बाईंनी. त्या नली-कली पद्धतीनं शिकवत. नली-कली म्हणजे 'आनंदानं शीक'. म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात १९९५ साली तिची सुरुवात झाली, आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांचं काम बघून. पुढं २००९-१० पासून ती राज्यभरच्या सरकारी कन्नड शाळांत आली. मी रजा टाकून दोन दिवस त्या अक्कोरूंच्या वर्गात नुसती बसले. मुलं ओळीत नव्हती, गोल करून होती. एका गोलात अक्कोरू स्वतः, दुसऱ्यात थोडी मदत अक्कोरूंची नि थोडी मोठ्या मुलांची, एका गोलात तर मुलं आपली आपणच कार्ड घेऊन शिकत होती. भिंतीवर शिडी काढलेली, कोण कितव्या पायरीवर ते ज्याचं त्याला ठाऊक. गैरहजर राहिलेलं मूल परत आलं की आपल्याच पायरीवरून पुढं जात होतं, 'तुझं बुडलं' असं कुणी म्हणत नव्हतं. भाताच्या लावणीला घरी राहणाऱ्या मुलांसाठी ही किती मोठी गोष्ट आहे, हे तुझ्या लक्षात येईल. कार्डं नसली तरी गोल आणि शिडी तुला उद्यापासून करता येईल.

आणि रोज पागोळी सापडत नाही. पाढे पाठ करावेच लागतात, शुद्धलेखन घोटावंच लागतं, त्यात काही कमीपणा नाही. आठवड्यातून एकदा असा तास झाला तरी बाकीच्या दिवसांत फरक दिसतो. थर्माकोल टाकून देऊ नकोस. पुढच्या वेळी ते मुलांच्या हातात दे, ब्लेड मात्र तुझ्याजवळ ठेव.

प्रश्न : मी बीएड करतोय. सरावपाठात गटकार्य घेतलं, मुलं मस्त बोलत होती. पण मागं बसलेल्या निरीक्षकांनी 'वर्गनियंत्रण नाही' असा शेरा दिला. शांत वर्ग चांगला की बोलता?
— एक छात्राध्यापक, बेळगाव

उत्तर : सर, दोन मिनिटं दाराबाहेर उभे राहा आणि गोंगाटातले शब्द ऐका. 'माझं जास्त आलं', 'परत मोज', 'असं कसं' हे ऐकू आलं तर आत काम चाललं आहे. 'माझी पेन्सिल दे', 'सर, हा बघा' एवढंच ऐकू आलं तर काम संपलंय किंवा मुळात कळलेलंच नाही, आणि मग शेरा बरोबर होता. एक सवय मात्र लावा. स्टीलच्या ताटलीवर एक ठोका पडला की हातातलं खाली आणि तोंड बंद. पहिल्या आठवड्यात त्याचाच सराव घ्या, खेळासारखा. बोलता वर्ग एका ठोक्यात शांत होतो हे दिसलं की कुठलाही निरीक्षक पुढं तक्रार करत नाही.

प्रश्न : आमच्या हायस्कूलला देणगीतून मोठा स्मार्ट टीव्ही मिळाला. विज्ञानाचे उत्तम व्हिडिओ दाखवतो. टाचणी पडली तर ऐकू येईल इतकी शांतता असते. चाचणीत मात्र तीच मुलं काही लिहीत नाहीत. टीव्ही वाईट म्हणायचा का?
— विज्ञान शिक्षक, बेळगाव शहर

उत्तर : टीव्ही वाईट नाही सर. बेळगावात बसून ज्वालामुखी किंवा हृदयाची झडप दुसरं कोण दाखवणार? अडचण अशी की व्हिडिओत प्रश्नही तोच विचारतो आणि उत्तरही तोच देतो, मुलांना मधे जागाच नसते. म्हणून तो मधेच थांबवायचा, उत्तराच्या अलीकडं, आणि प्रत्येकानं वहीत अंदाज लिहायचा. पेननं लिहायचा, म्हणजे नंतर खोडून बदलता येत नाही. अंदाज लिहिलेला मुलगा पुढचा व्हिडिओ वेगळ्या डोळ्यांनी बघतो, त्याचं काहीतरी पणाला लागलेलं असतं.

आणि जे हातानं करता येतं ते टीव्हीवर दाखवू नका. लंबक घ्या. सुतळी आणि दगड एवढंच लागतं. आधी विचारा, मोठा दगड बांधला तर हेलकावा लवकर होईल की सावकाश? वर्गातली निम्मी मुलं 'लवकर' लिहितील. मग एकदा लहान दगड, एकदा मोठा, सुतळी टांगल्यापासून दगडाच्या मध्यापर्यंत दोन्ही वेळा बरोबर एक मीटर. दगड थोडासाच बाजूला न्यायचा आणि सोडायचा. जाऊन-येऊन दहा हेलकाव्यांना सुमारे २० सेकंद लागतात, दगड कुठलाही असो. मोबाईलच्या घड्याळाकडं मुलं संशयानं बघतात, परत मोजतात, तिसऱ्यांदा मोजतात. नंतर विचारा, ही वेळ निम्मी, म्हणजे १० सेकंद करायची तर सुतळी किती घेऊ? सगळी म्हणतील अर्धा मीटर. करून बघू दे. १४ सेकंद येतात आणि वर्ग गोंधळून जातो. पाव मीटरपाशी पोचायला त्यांना अर्धा तास लागेल, तो द्या. तो अर्धा तास झाल्यावर टीव्ही लावा, सूत्र दाखवा. माझ्या एका सहकारी सरांनी आठवीला हे केलं होतं. त्यांच्या वर्गातली मुलं त्या दिवशी घंटा झाल्यावर बाहेर पडली नाहीत, मी स्वतः दारात उभी होते.

प्रश्न : माझी मुलगी मराठी शाळेत पाचवीला आहे. बाकी सगळ्यात हुशार, खरं कन्नडचा तास असला की सकाळी पोटात दुखतं म्हणते. घरात आम्हा दोघांनाही कन्नड वाचता येत नाही. सासरे म्हणतात, नाही आलं तर काय बिघडलं. मला मात्र तिची काळजी वाटते.
— एक आई, निपाणी

उत्तर : ताई, तिचं पोट खरंच दुखतंय, ती ढोंग करत नाही. भीती पोटातच बसते. सासऱ्यांचा मान ठेवून सांगते, बिघडतं. आपण राहतो इथं. बसची पाटी, दवाखान्याचा कागद, रेशनच्या दुकानातला फलक, शेताचा उतारा, सगळं कन्नडमधून आहे. मराठी आपल्या आईची भाषा, तिच्यातच मुलाचं पहिलं शिक्षण झालं पाहिजे, यासाठी मी आयुष्यभर मराठी शाळेत राहिले, मुलं कमी झाली तेव्हा दारोदार फिरले. पण मोठ्यांचा वाद मुलांच्या दप्तरात घालू नये. ज्या मुलाची मराठी पक्की, त्याला दुसरी भाषा उलट लवकर येते. इथून जवळच सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व घरात कन्नड बोलत मोठे झाले. त्यांच्या गळ्यातून मराठी ऐकताना ही भाषा त्यांची नव्हती असं कुणाला वाटलं का?

मराठी मुलाला कन्नडमध्ये किती गोष्टी आधीपासून येत असतात, हे त्याला कुणी सांगतच नाही. मी पहिल्या तासाला तेच करत असे. वर्णमालेचा क्रम तोच, अ आ इ ई, क ख ग घ. लिपी वेगळी दिसते, पण दोन्हींचं मूळ ब्राह्मीत आहे. हिंदीवाल्या मुलाला ज्यासाठी जीभ वळवावी लागते तो 'ळ' आपल्याकडं आहेच. नवीन काय, तर कन्नडमध्ये ए आणि ओ हे ऱ्हस्वही असतात नि दीर्घही, तिथं कान द्यावा लागतो. मग फळ्यावर दोन रकाने. तूप, तिकडं तुप्प. अक्का, तिकडं अक्क. अण्णा, तिकडं अण्ण. आमच्या बाजूच्या कन्नडमध्ये भुईमुगाला शेंगाच म्हणतात. मुलांनी घरून रोज एक जोडी आणायची. दिवाळीपर्यंत आमचा रकाना भिंतभर झाला होता.

फसवे शब्दही असतात आणि मुलांना तेच जास्त आवडतात. कन्नडमध्ये 'मळे' म्हणजे पाऊस. एका मुलानं 'मळे बरुत्तिदे' याचं मराठी केलं, 'मळा येत आहे'. वर्ग हसला. तो रडवेला झाला. मी त्याला पुढं बोलावलं आणि म्हटलं, याचं चुकलं ते किती हुशारीनं चुकलं ते बघा, यानं आपल्या ओळखीचा शब्द शोधला. मग फळ्याच्या कोपऱ्यात 'फसवे शब्द' असा चौकोन केला आणि पहिलं नाव त्याचं लिहिलं. पुढच्या आठवड्यात सगळ्यांनाच त्या चौकोनात नाव हवं होतं. चुकीला अशी जागा मिळाली की पोटदुखी कमी होते. तुमच्या मुलीच्या वर्गात चुकल्यावर काय होतं, ते तिला हळूच विचारा. बाईंना किंवा सरांना भेटा, तक्रार घेऊन नव्हे, हा चौकोन सुचवायला.

घरी तुम्ही दोघं काय कराल? तुम्हाला वाचता येत नाही, हे उत्तमच आहे. तिला तुमची बाई होऊ दे. सकाळी नंदिनीच्या दुधाची पिशवी रिकामी झाली की धुऊन तिच्यापुढं ठेवा, 'मला वाच की यावर काय लिहिलंय'. बसस्टँडवर गेलात की एका पाटीचं नाव तिनं वाचायचं, तुम्ही बस खरंच तिथं जाते का ते कंडक्टरला विचारायचं. रोज एकच. दोन झाले की अभ्यास होतो.

मी एकदा सातवीच्या मुलांना घरचा उतारा आणायला सांगितला, त्याची झेरॉक्स. शनिवारी पालकांनाही बोलावलं. एक आजोबा नातीबरोबर आले होते. आयुष्यभर त्या कन्नड कागदांवर सह्या करत आलेले, काय लिहिलंय ते कुणीतरी वाचून सांगायचं आणि हे मान डोलवायचे. नात कागदावर बोट ठेवून एकेक अक्षर लावत चालली होती. एका ओळीवर ती थांबली, परत वाचलं आणि म्हणाली, "आज्जा, हे तुमचं नाव." आजोबांनी कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग तिच्या बोटाखाली आपलं बोट ठेवलं आणि म्हणाले, "परत दाखव." तिनं परत दाखवलं. बाकीचा वर्ग त्या वेळी काय करत होता ते मला आठवत नाही.

त्या मुलीला कन्नडमध्ये किती मार्क पडले हे मी पुढं बघितलंच नाही. ती तास चुकवत नव्हती, मला तेवढं पुरे होतं.

प्रश्न : बाई, मी शाळेच्या एसडीएमसीत, म्हणजे शाळेवर देखरेख करणाऱ्या समितीत सदस्य आहे. शिक्षण चौथी. रताळी आणि भात करतो. मीटिंगला सही करतो, पंधरा ऑगस्टला लाडू वाटतो. शाळेसाठी याहून काय करावं, पैसा तर जवळ नाही.
— एक शेतकरी, बेळगाव तालुका, पश्चिम भाग

उत्तर : दादा, तुमच्याकडं जे आहे ते शाळेकडं नाही. तुम्ही एक तास द्या, महिन्यातून एक. हेडमास्तरांना आधी भेटून दिवस ठरवा आणि हे मासिक दाखवा.

पहिल्या महिन्यात गुंठा. पुस्तकात मुलं शिकतात, एक एकर म्हणजे ४० गुंठे. डोक्यात तो नुसता आकडा. तुम्ही मैदानावर ३३ फुटांची दोरी आणि चार खुंट्या घेऊन जा. मुलांकडूनच खुंट्या ठोकून घ्या, ३३ बाय ३३. कोपरे काटकोनात आले की नाही हे कसं बघता, तेही दाखवा, दोन्ही कर्ण मोजून. मग सगळ्या शाळेला त्यात उभं करा. चौरस फूट किती, त्यांनी गुणाकार करावा. १,०८९ येतात. असे ४० आखायचे तर मैदान पुरेल का, रस्ता ओलांडून कुठवर जावं लागेल? मुलं पावलं टाकत सुटतील. माझ्या शाळेत हा तास झाला तेव्हा एक मुलगी म्हणाली, "आमचं दीड एकर एवढं मोठं हाय?" वाटणीच्या भांडणात तो आकडा तिनं घरी शंभरदा ऐकला होता, जमीन कधी डोळ्यांपुढं आली नव्हती.

रताळी काढणीला आली की दुसरा तास. वेल कसा लावता, वरंबे का लागतात, सपाट वाफ्यात लावलं तर काय होतं, हे तुमच्या तोंडून येऊ दे. एक वेल मुळासकट न्या. रताळं हे मूळ आणि बटाटा हे खोड, असं पुस्तकात असतं. दोन्ही शेजारी ठेवा नि मुलांना डोळे शोधू द्या. बटाट्याचे डोळे ओळीनं फिरत गेलेले असतात, रताळ्याला तसे नसतात. वर्गातले सर पुढचं समजावतील.

मग बाजाराचा हिशेब, आणि हा भाग घाईनं करू नका. समजा ५० किलोची एक, अशी १२ पोती एपीएमसीला, म्हणजे बाजार समितीत नेली. किती क्विंटल झाले? सहा. समजा क्विंटलला १,४०० दर लागला, तर ८,४०० आले. एवढ्यावर पुस्तकातलं गणित संपतं. तुमचं मात्र इथून सुरू होतं. टेम्पोचं भाडं, हमाली, तोलाई, अडत, रिकाम्या पोत्यांचे पैसे. हे आकडे तुमच्याच गेल्या वर्षीच्या पट्टीवरून, म्हणजे अडत्याच्या हिशेबाच्या कागदावरून सांगा, पट्टी मुलांच्या हातात द्या. त्या आधीचे वेलाचे, खताचे, काढणीच्या मजुरीचे पैसेही वजा करायला सांगा. शेवटी हातात काय राहिलं ते त्यांनी काढावं. लाजू नका दादा, आकडा लहान आला तरी. त्यांच्या बापाचं गणित त्यांना कळायलाच हवं.

चौथी शिकलोय म्हणून बोलायला धीर होणार नाही, असं वाटत असेल. फळ्यापुढं उभे राहू नका. खाली मांडी घालून बसा, पोतं मधे ठेवा, मुलं आपोआप भोवती बसतील. त्यांनी विचारलेलं एखादं येत नसेल तर 'मला ठाऊक नाही, विचारून येतो' म्हणा आणि खरंच विचारून पुढच्या महिन्यात सांगा.

गुंठ्यासाठी दोरी सुतळीची घ्या. नायलॉनची ओढली की ताणते आणि तेहतिसाचे चौतीस होतात.